एकही गोळी चुकली नाही

(रुग्णालयातली दोन खाटांची खोली. दुसरी खाट रिकामी. दुपारची वेळ.)

काका : थांबा जरा. पुन्हा सांगा. माझं ऑपरेशन लेझरने होतं?

डॉक्टर : होतं म्हणजे काय काका, हे तर मी गेल्या वर्षीच सांगितलं होतं. आता तुमचा ताप उतरलाय, लघवीतलं इन्फेक्शन आटोक्यात आलंय. आणखी लांबवू नका. लघवीची ही नळी अशीच ठेवली तर पुन्हा ताप येणार, आणि दर वेळी इतक्यावर निभावेल असं नाही.

काका : गेल्या वर्षी? मी तुम्हाला परवा पहिल्यांदा पाहिलं. तेसुद्धा धड नाही, थंडीने दात वाजत होते माझे.

डॉक्टर : तुम्हाला नाही, काकूंना सांगितलं. तुमचे सगळे कागद घेऊन आल्या होत्या त्या. तुम्हाला पिशवी लावून बाहेर पडायची लाज वाटते म्हणाल्या, म्हणून एकट्याच आल्या होत्या.

काका : अगं ए. तिकडे खिडकीबाहेर काय बघतेस? डॉक्टर काय म्हणतायत ऐकलंस का?

काकू : ऐकतेय.

काका : घरी येऊन तू मला काय सांगितलंस? आता सांग त्यांच्यासमोर.

काकू : होत नाही म्हणून सांगितलं.

डॉक्टर : काकू, कदाचित माझं बोलणं तुम्हाला नीट कळलं नसेल. मी घाईत असेन त्या दिवशी...

काकू : नाही हो. चांगलं चित्र काढून समजावलंत तुम्ही. मला सगळं कळलं होतं.

काका : मला नाही कळलेलं. मला समजवा.

डॉक्टर : तुमच्या हृदयात धातूची झडप बसवलेली आहे, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी तुम्हाला जन्मभर घ्यायची. आधीच्या सर्जननी नकार दिला तो जुन्या पद्धतीला. त्यात लघवीची वाट अडवणारी प्रोस्टेटची ग्रंथी आतून खरवडून काढतात. रक्त बरंच जातं, आणि तुमचं लवकर थांबणार नाही. लेझर कापता कापताच रक्तवाहिन्या बंद करत जातं. धोका नाहीच असं मी म्हणणार नाही. कमी आहे, आणि आपण सांभाळू शकतो.

काका : आणि ती गोळी?

डॉक्टर : थोडे दिवस थांबवायची आणि त्याऐवजी पोटात इंजेक्शनं घ्यायची. पण ते हृदयाचे डॉक्टर ठरवतील. तुम्ही आपल्या मनाने गोळी सोडायची नाही. सोडली तर झडपेवर रक्ताची गुठळी धरते. ती मेंदूत गेली की अर्धं अंग लुळं.

काकू : हेही सांगितलं होतंत तुम्ही.

काका : तू गप्प बस! मॅडम, आणि हे सगळं करणार कोण?

डॉक्टर : मीच.

काका : तुम्ही? पुरुषांच्या या दुखण्याचं ऑपरेशन बाई करणार?

डॉक्टर : तुम्ही झोपलेले असाल काका. कोण करतंय ते तुम्हाला कळणारसुद्धा नाही.

काका : राग मानू नका. आजपासून माझा बायकांवरचा भरवसा उडाला, म्हणून विचारलं.

डॉक्टर : मी संध्याकाळी येते. तुम्ही दोघं बोलून घ्या.

*

काका : दार लोट.

काकू : लोटलं.

काका : नीट लोट. कडी वाजू दे.

काकू : हं. वाजली.

काका : वर्षभर मांडीला मुताची पिशवी बांधून फिरलो मी.

काकू : फिरलात कुठे? घरातच बसलात.

काका : अगं मग? पाहुण्यांसमोर बसता येईना, पत्त्यांच्या अड्ड्यावर जाता येईना. तीस वर्षं ड्रायव्हिंगची परीक्षा घेतलेला माणूस मी. मला बघून भल्याभल्यांचा पाय क्लचवरून घसरायचा. आणि तू मला खुर्चीत कोंबून ठेवलंस? का? काय मिळालं तुला?

काकू : किल्ली मिळाली.

काका : कसली किल्ली?

काकू : घराची. तुम्ही बाहेर पडायचे बंद झालात, मग भाजी कोण आणणार, औषधं कोण आणणार? दिलीत तुम्हीच, हातात. त्याआधी ऑफिसला जाताना बाहेरून कुलूप, पत्त्यांना जाताना कुलूप. निवृत्त झालात तरी कुलूप.

काका : ते का लावायचो ते तुला चांगलं ठाऊक आहे.

काकू : हो. मी लेकीकडे जाऊ नये म्हणून.

काका : तिचं नाव काढायचं नाही माझ्यासमोर.

काकू : नाव कुठे काढलं? लेक म्हटलं नुसतं.

काका : ज्याला मी स्वतः तीनदा नापास केला, ज्याला साधी गाडी मागे घेता येत नव्हती, त्याचा हात धरून गेली कारटी! ऑफिसात शिपायापासून सगळे तोंडावर हसले. "साहेब, आता तरी जावयाला पास करा." आणि मी तिच्या घरी तुला पाहुणचाराला पाठवू?

काकू : चौथ्यांदा पास झाला तो. दुसऱ्या साहेबांकडे. आता शाळेची बस चालवतो. गाडीवर एक ओरखडा नाही.

काका : तुला काय ठाऊक?

काकू : बसलेय मी त्याच्या बसमध्ये. पुढच्या सीटवर.

काका : कधी?

काकू : तुमच्या रक्ताचा रिपोर्ट आणायला जायचे ना, तेव्हा.

काका : तू तर दर आठवड्याला जायचीस.

काकू : रक्त महिन्यातून एकदा काढायचे. घ्यायला माणूस घरी यायचा, रिपोर्ट फोनवर यायचा. तुम्ही कधी विचारलंच नाहीत, आणायला काय जातेस म्हणून. रक्त तुमचं, पण तुम्ही त्यात लक्ष घातलं नाहीत.

काका : म्हणजे मी इकडे कळवळत पडलेला, आणि तू तिकडे...

काकू : जेवायचे. लेक गरम गरम वाढायची. नंतर आम्ही दोघी आडव्या व्हायचो. ती माझे पाय चेपून द्यायची.

काका : मारायला निघाली होतीस तू मला. सरळ सांग ना.

काकू : मारायचं असतं तर फार सोपं होतं. गोळी कोण देत होतं तुम्हाला? तिचा रंग तरी माहीत आहे का? एकही चुकवली नाही मी. तुम्ही शिव्या दिल्यात त्या दिवशीही दिली, ताट फेकलंत त्या दिवशीही दिली. तुम्ही मेलेले मला चालणार नव्हतात.

काका : का? एवढा जीव आहे माझ्यावर?

काकू : मेला असतात तर लोक तुमच्याबद्दल चांगलं बोलले असते. मला ऐकून घ्यावं लागलं असतं.

काका : ...आणि ताप चढला तेव्हा?

काकू : तेव्हा मी तिकडे होते. परत आले तर तुम्ही थडथड उडत होतात. डोळे पांढरे. तशीच गाडी बोलावली. घाबरले होते, खोटं कशाला बोलू.

काका : माझ्यासाठी घाबरलीस?

काकू : माझ्यासाठी.

काका : किल्ली इकडे दे.

काकू : आत्ता?

काका : आत्ताच्या आत्ता. हं. ही आता माझ्या उशीखाली. होऊ दे ते लेझर. एकदा ही नळी निघाली की मी आहे आणि तू आहेस. खिडक्यांनासुद्धा जाळ्या ठोकतो. फोन माझ्या खिशात. आणि तोवर इथून हलायचं नाही. पेशंटजवळ घरचं माणूस लागतं. ऐकलंस?

काकू : ऐकलं.

*

डॉक्टर : काकू, इथे बाकावर बसा माझ्याजवळ. गोळी थांबवल्याचे दिवस पूर्ण झाले, उद्या सकाळी त्यांना ऑपरेशनला घेतेय. पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. त्या दिवशी निघताना तुम्ही विचारलं होतंत, "नाही केलं तर मरतील का?" मी म्हटलं, लगेच काही नाही. मला वाटलं, बिचाऱ्या काळजीत आहेत.

काकू : काळजीच होती.

डॉक्टर : त्या तापात ते गेले असते! अशा नळीतून जंतू रक्तात शिरतात, आणि त्यांच्या झडपेवर बसले असते तर मी काहीही करू शकले नसते. तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत?

काकू : कळतंय. तुम्हाला कुणाला कळवायचं असेल तर कळवा. फक्त मग कुलपाचंही कळवा.

डॉक्टर : कसलं कुलूप?

काकू : नऊ वर्षं बाहेरून कुलूप होतं मला. एकदा घरात धूर झाला होता, स्टोव्हचा. शेजारच्यांनी खिडकीतून पाणी मारलं. हे संध्याकाळी आले, आधी कुलूप तपासलं, मग मला विचारलं, भिंत कशी काळी झाली.

डॉक्टर : ...मला माहीत नव्हतं.

काकू : कसं असणार? तुम्ही लघवीचं विचारलंत, मी लघवीचं सांगितलं.

डॉक्टर : आत्ता तर तुम्ही बाहेर आहात काकू. जिना तो समोर आहे. जायचं असेल तर जा. त्यांच्याकडे मी बघते.

काकू : जाणार आहे. पण आधी किल्ली त्यांच्या हातून घेणार. उशीखालून काढली तर म्हणतील, आधी लेक पळाली, मग आई पळाली. पळायचं वय नाही माझं.

डॉक्टर : मी ऑपरेशन मात्र अगदी मनापासून करणार हं. तुमच्याबद्दल कितीही वाईट वाटलं तरी.

काकू : मनापासूनच करा. ते बरे व्हायलाच हवेत. आजारी माणसाला सोडून गेलेली बाई नाही व्हायचं मला.

*

काका : अगं... ए... पोट बघ. दगड झालाय पोटाचा.

काकू : बघते. पिशवीत काही उतरत नाहीये. सकाळी गुलाबी पाणी येत होतं छान.

काका : ऑपरेशन चांगलं झालं म्हणाली ना ती बाई? मग हे काय?

काकू : चांगलंच झालं. पण कालपासून तुमची रक्त पातळ करायची इंजेक्शनं पुन्हा सुरू केलीत ना. डॉक्टर म्हणाल्याच होत्या, रक्त येईल, गुठळी नळीत अडकली तर लगेच बेल दाबा, आम्ही धुऊन काढतो. ती बघा. काळी गुठळी. नळीच्या तोंडाशीच.

काका : मग बघत काय बसलीस? दाब बेल!

काकू : आतून धुवायला सोडलेलं वरच्या बाटलीचं पाणी मी बंद केलंय. नाहीतर आत भरतच राहिलं असतं.

काका : बेल! बेल कुठाय?

काकू : माझ्या हातात.

काका : दाब मग!

काकू : दाबते. किल्ली द्या.

काका : काय?

काकू : उशीखालची किल्ली.

काका : आई गं... डोकं फिरलंय तुझं? अगं फुटेल हे!

काकू : फुटणार नाही एवढ्यात. दुखेल खूप.

काका : सिस्टर! ए सिस्टर!

काकू : ओरडा. शेजारची खाट रिकामी आहे. आणि दार कडी वाजेपर्यंत लोटायला तुम्हीच लावता.

काका : एक मुस्काटात ठेवून देईन... आईऽ... तोंड पुढे कर, ठेवून देतो.

काकू : हात वर होत नाहीये तुमचा, सलाईन आहे त्याला. हलवू नका, सुई निघेल.

काका : देणार नाही. मेलो तरी देणार नाही.

काकू : बरं. मी बसलेय. तुम्हाला एक आठवण सांगू? लेक आली होती एकदा दुपारी. तुम्ही ऑफिसला. दार वाजवत होती, आई आई करत होती. मी आत, किल्ली तुमच्या खिशात. मग ती बाहेर जमिनीवर बसली, मी आत बसले. दाराखाली फट होती ना, तिच्यातून तिने हात घातला. सगळा हात येत नव्हता. बोटंच आली. मी बोटं धरून बसले. दोघी किती वेळ तशा होतो कोण जाणे. तिच्या बोटांना रंग आला होता, दाराचा ऑइलपेंट.

काका : पाणी... पोटात आग पडलीय गं...

काकू : त्या संध्याकाळी मी तुम्हाला सांगितलं. म्हटलं, अहो, बोटं धरली मी तिची. वाटलं, विरघळाल. दुसऱ्या दिवशी तुम्ही सुतार आणलात आणि फटीवर पट्टी ठोकलीत.

काका : चुकलं... चुकलं म्हणतो ना... दाब आता!

काकू : चुकलं नकोय मला. ते तुम्ही दुखतंय म्हणून म्हणताय. किल्ली द्या.

काका : घे! घे, सटवे! ही घे!

काकू : फेकू नका. हातात द्या.

काका : ...घे.

काकू : आली. हं, दाबली बेल.

*

डॉक्टर : श्वास आत घ्या काका. सोडा. पिचकारीने धुतेय, थोडं ओढल्यासारखं वाटेल. निघाली बघा. आणखी एक आहे. बाप रे. हं... मोकळं झालं. उतरतंय आता. कसं वाटतंय?

काका : हाय... आता बरं आहे... बरं आहे.

डॉक्टर : कधीपासून बंद होतं हे?

काका : आत्ताच. आत्ताच झालं.

डॉक्टर : एवढं पोट फुगलंय, आत्ताच कसं असेल?

काका : सांगतोय ना. आत्ताच.

काकू : नाही. बराच वेळ झाला. बेल माझ्या हातात होती, मी दाबली नाही.

काका : तिचं ऐकू नका. म्हातारी झालीय, काहीही बरळते. माझी बायको असं करेल का? मला कोणी असं करू शकतं का?

डॉक्टर : काकू. हे खरं आहे?

काकू : खरं आहे.

डॉक्टर : तुम्ही या खोलीत आता थांबायचं नाही. आत्ता बाहेर. पेशंटजवळ सिस्टर बसेल.

काकू : बरं. मी निघतच होते.

काका : तिला जाऊ देऊ नका मॅडम!

डॉक्टर : काका, त्यांच्याजवळ तुम्हाला एकटं सोडणं मला परवडणार नाही.

काका : अहो पण घरी गेल्यावर मला गोळी कोण देणार?

काकू : सोमवारी आणि शुक्रवारी अर्धी. बाकी दिवस अख्खी. जेवणानंतर, रोज एकाच वेळेला. पालेभाजी आज डोंगरभर, उद्या अजिबात नाही, असं करायचं नाही. दुखलं म्हणून दुकानातून दुसरी गोळी आणून खायची नाही.

काका : थांब. सोमवारी अर्धी आणि काय? पुन्हा सांग.

काकू : परीक्षेत सूचना एकदाच देतात. तुम्हीच सांगायचात सगळ्यांना, आणि घरी येऊन हसायचात.

*

डॉक्टर : नळी काढल्यापासून लघवी स्वच्छ आहे, पूर्ण होतेय. सुटी द्यायला हरकत नाही.

काका : धार बघितलीत का? पंचविशीतली धार आहे. मला वाटलं नव्हतं, मॅडम. मानलं तुम्हाला.

डॉक्टर : पण अजून काही आठवडे सांभाळायचं. जड उचलायचं नाही, कुंथायचं नाही. लघवीत रक्त दिसलं तर भरपूर पाणी प्यायचं, गुठळ्या पडल्या किंवा लघवी अडली तर थेट इथे यायचं. इंजेक्शनं, गोळीने रक्त पुरेसं पातळ होईपर्यंत चालू. आणि गोळी परवापासून परत सुरू झालीच आहे. कुठली ते ओळखता ना?

काका : ती... पांढरी.

डॉक्टर : या दोन्ही पांढऱ्या आहेत.

काका : मग ही. लहान.

डॉक्टर : ही झोपेची आहे, काका. घरी कोण आहे तुमच्या?

काका : बायको आहे की.

डॉक्टर : काका.

काका : येईल ती. जाणार कुठे? तिला फोन करा. म्हणावं, साहेब बरे झाले, न्यायला ये. नळी निघाली म्हणून सांगा.

डॉक्टर : केला मघाशी. त्यांनी दिलेल्या नंबरवर.

काका : मग?

डॉक्टर : विचारलं, लघवी आपली आपण होते का. मी हो म्हटलं. विचारलं, चालतात का. मी हो म्हटलं. म्हणाल्या, मग माझं काम झालं. किल्ली त्यांनी जाताना सिस्टरकडे दिली होती, ती ही घ्या.

काका : ...एवढंच म्हणाली? आणखी काहीतरी म्हणाली असेल.

डॉक्टर : म्हणाल्या असतील. मागून एक लहान मूल सारखं मध्ये बोलत होतं, मला नीट ऐकू येईना.

काका : कुणाचं मूल?

डॉक्टर : तुम्हाला माहीत असेल ना. "आजी, ठेव ना फोन, आजी चल ना" असं चाललं होतं.

काका : आजी म्हणालं?

डॉक्टर : हो.

काका : मुलगा होता की मुलगी?

डॉक्टर : आवाजावरून नाही कळलं, काका.